पिस्तूल कुठे आहे, तेवढं बघत राहा

एक जखमी माणूस अनोळखी घरात खाटेवर पडला आहे. शरीरातली गोळी काढून झाली, पण ताप चढलाय आणि झोप येत नाही. हात सारखा कमरेशी काहीतरी चाचपतोय. घरच्यांच्या लक्षात येतं, हा आपलं पिस्तूल शोधतोय. त्या घरात कधी कुणी शस्त्र बाळगलेलं नाही, त्यांच्या धर्मात ते बसतच नाही. तरी ते त्याचं पिस्तूल आणतात, गोळ्या काढून घेतात आणि रिकामं पिस्तूल त्याच्या मुठीत देतात. लहान मूल आईच्या पदराचं टोक धरून झोपतं, तसा तो झोपी जातो.

१९४७ सालच्या ‘एंजल अँड द बॅडमॅन’ या अमेरिकी चित्रपटातला हा प्रसंग आहे. वेस्टर्नचा नावाजलेला नट जॉन वेन याने निर्माता म्हणून काढलेला हा पहिला चित्रपट, नायकही तोच. लेखन आणि दिग्दर्शन जेम्स एडवर्ड ग्रँट यांचं, नायिका गेल रसेल. अमेरिकेत तेव्हा चित्रपटाचे हक्क २८ वर्षं टिकत आणि पुढे हवे असतील तर अर्ज करून वाढवून घ्यावे लागत. या चित्रपटाचे हक्क वाढवलेच गेले नाहीत, त्यामुळे तो सगळ्यांचा झाला. आज तो इंटरनेटवर कुणालाही फुकट आणि कायदेशीररीत्या बघता येतो, आणि आपल्याकडचे जुन्या चित्रपटांचे शौकीन त्याच्यापर्यंत पोचतातही.

पण बघताना गोंधळ होतो. ही माणसं आहेत कोण? शेजाऱ्याने पाणी अडवलं तरी गप्प का बसतात? त्यांचं इंग्रजी असं विचित्र का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न शेवटी पडतो: यांच्यापैकी कुणी गोळी झाडत नाही हे खरं, पण गोळी तर झाडली जातेच, मग या अहिंसेला अर्थ काय? हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात, म्हणून पायापासून सुरुवात करतो.

वेस्टर्न म्हणजे काय

‘शोले’ पाहिलेल्या माणसाला वेस्टर्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ओसाड डोंगर, घोडे, एकाकी गाव, दरोडेखोर, आणि कायदा इतका दूर की न्याय ज्याच्या त्याच्या हातातल्या बंदुकीत. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं. त्यानंतरच्या दोनतीन दशकांत, पश्चिमेकडच्या नव्याने बसणाऱ्या वस्त्यांमध्ये या गोष्टी घडतात. नायक चांगला असो की वाईट, त्याचा हात विजेसारखा चालतो, आणि शेवटी दोन माणसं धुळीच्या रस्त्यावर समोरासमोर उभी राहतात. तो क्षण यावा म्हणूनच बाकीची सगळी गोष्ट रचलेली असते.

अशा गोष्टीत शस्त्र न धरणारं कुटुंब आणून ठेवणं म्हणजे ऐन आखाड्यात एका पैलवानाने हात जोडून उभं राहणं. समोरच्याने आता करायचं काय? चित्रपटाची सगळी गंमत आणि सगळी अडचण इथूनच निघते.

क्वेकर कोण

चित्रपटातलं ते कुटुंब क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं आहे. क्वेकर ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला म्हातारा आपल्या स्वयंपाकघरातही पोचला आहे. त्या कंपनीचा या पंथाशी संबंध नाही, तिने फक्त प्रामाणिकपणाची खूण म्हणून नाव आणि चित्र घेतलं. खरा क्वेकर पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिला. जॉर्ज फॉक्स नावाचा चांभारकाम शिकलेला तरुण गावोगाव सांगत फिरला, की देव भेटायला पाद्री लागत नाही, चर्चची इमारत लागत नाही, प्रत्येक माणसाच्या आतच एक प्रकाश आहे. पंथाचं अधिकृत नाव ‘मित्रांचा समाज’ असं आहे आणि ते एकमेकांना ‘फ्रेंड’ म्हणतात. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारे. १६५० मध्ये डर्बीच्या एका न्यायाधीशाने हे नाव हिणवण्यासाठी वापरलं, कारण फॉक्सने त्याला देवाच्या शब्दापुढे थरथरायला सांगितलं होतं. हिणवलेलं नाव पुढे चिकटलं ते कायमचं.

त्यांच्या जुन्या पद्धतीच्या प्रार्थनेत आरती नाही, कीर्तन नाही, प्रवचनकार नाही. सगळे बाकांवर गप्प बसतात. कुणाला अगदी आतून बोलावंसं वाटलं तर तो किंवा ती उभी राहते, चार वाक्यं बोलते, खाली बसते. बायकांना बोलायची मुभा पहिल्यापासून आहे, आणि सतराव्या शतकात ही साधी गोष्ट नव्हती.

ते शपथ घेत नाहीत. कारण फार सोपं आहे. ‘देवाशपथ खरं सांगतो’ असं म्हणणारा माणूस नकळत कबूल करतो, की एरवी मी खोटं बोलू शकतो. क्वेकराचं म्हणणं, माझा रोजचा शब्दच शपथेइतका खरा असला पाहिजे. या हट्टापायी हजारो जण इंग्लंडच्या तुरुंगात गेले. विद्यापीठांचे आणि सरकारी नोकऱ्यांचे दरवाजे बंद झाले, म्हणून मग अनेक घराणी व्यापारात उतरली. आपण खातो ते कॅडबरी चॉकलेट बर्मिंगहॅमच्या एका क्वेकर घराण्याने सुरू केलेलं.

काही जण क्वेकर आणि आमिश यांची गल्लत करतात. आमिश म्हणजे घोडागाडीतून फिरणारे, यंत्रांपासून दूर राहणारे, जर्मन बोलीभाषा जपणारे लोक. तेही शस्त्र धरत नाहीत, पण त्यांचा उगम, भाषा आणि राहणी सगळं निराळं.

सगळ्यांना ‘अरे-तुरे’

चित्रपटातलं वर्थ कुटुंब पाहुण्याशी बोलताना इंग्रजीतला नेहमीचा ‘यू’ वापरत नाही, ‘दी’ म्हणतं. इंग्रजी शिकलेल्या माणसाला हे बायबलमधलं पुस्तकी बोलणं वाटतं. मराठी वाचकाला मात्र हे एका वाक्यात कळेल, कारण आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ अजून जिवंत आहेत.

सतराव्या शतकाच्या इंग्रजीत तसाच भेद होता. घरच्यांना, नोकराला, लहानाला ‘दाऊ’ किंवा ‘दी’, म्हणजे आपला ‘तू’. मोठ्यांना, श्रीमंतांना, अधिकाऱ्यांना ‘यू’, म्हणजे ‘आपण’. क्वेकरांनी ठरवलं, देवापुढे सगळे सारखे तर जिभेवरही सारखे. न्यायाधीश असो की जमीनदार, त्यालाही ‘तू’. वर त्याच्यासमोर टोपीही काढायची नाही. कल्पना करा, तालुक्याच्या कचेरीत एखाद्या शेतकऱ्याने अगदी प्रेमाने, पण ठामपणे साहेबांना ‘तू’ म्हणावं. फटके बसायचेच. आणि बसलेही.

मला इथे वारी आठवते. वारीत सगळ्यांना एका पातळीवर आणायची रीत उलट दिशेची आहे. तिथे प्रत्येकाला वर उचलून ‘माऊली’ करतात, लहान मोठ्याच्या पाया पडतो तसा मोठाही लहानाच्या. क्वेकरांनी सगळ्यांना खाली उतरवून ‘तू’ केलं. पोचायचं ठिकाण एकच.

पुढे इंग्रजीत सगळेच एकमेकांना ‘यू’ म्हणायला लागले आणि ‘दी’ मुख्यतः क्वेकरांच्या घरात उरला. त्यामुळे चित्रपटात वर्थांची मुलगी पेनेलपी जेव्हा त्या जखमी बंदूकवाल्याला ‘दी’ म्हणते, तेव्हा त्यात दोन अर्थ एकत्र येतात. एक, हा परका नाही, आमच्यासारखाच आहे. दुसरा अर्थ प्रेमाचा, आणि तो त्याला बऱ्याच उशिरा कळतो.

शस्त्र का नाही

प्रत्येकाच्या आत देवाचा अंश असेल, तर ज्याच्यावर गोळी झाडाल त्याच्या आतही तो आहेच. क्वेकरांचं सगळं तर्कशास्त्र एवढंच. १६६१ च्या जानेवारीत त्यांनी राजा दुसरा चार्ल्स याला लेखी कळवलं, की कोणत्याही हेतूसाठी, कोणत्याही सबबीखाली आम्ही बाह्य शस्त्रांनी लढणार नाही. या भूमिकेला शांतिवाद म्हणतात: युद्ध आणि शस्त्र यांना कारण कितीही रास्त असलं तरी नकार.

आपल्याकडे अहिंसा म्हटलं की पहिल्यांदा ताट आठवतं, शाकाहार आठवतो. क्वेकरांची अहिंसा माणसामाणसांमधली आहे, मांसाहाराला त्यांच्यात बंदी नाही. पण महानुभावांच्या परंपरेतली ती गोष्ट ज्यांनी शाळेत वाचली असेल, शिकाऱ्यांपासून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला येतो आणि शिकारी रिकाम्या हाती परत जातात, त्यांना वर्थ कुटुंबाचं दार ओळखीचं वाटेल. आलेला कोण आहे हे न विचारता आसरा द्यायचा.

फरक एवढाच, की इथे आसऱ्याला आलेला ससा नाही. तो स्वतःच शिकारी आहे.

आता गोष्ट, पिस्तुलाच्या मागोमाग

क्वर्ट इव्हान्स हा नामांकित बंदूकबाज जखमी अवस्थेत वर्थांच्या शेतावर येऊन कोसळतो. पेनेलपी त्याची शुश्रूषा करते आणि काही आडपडदा न ठेवता त्याच्या प्रेमात पडते. लरेडो स्टीव्हन्स नावाचा त्याचा वैरी शोधत शोधत दारात येतो, तेव्हा क्वर्ट खाटेवरून त्याच्यावर पिस्तूल रोखतो. तेच रिकामं पिस्तूल. लरेडोला ते माहीत नसतं. जमिनीच्या हक्काचा सौदा होतो, तो काही पैसे मोजतो आणि बाकीचे हिंमत असेल तर येऊन घे म्हणत निघून जातो.

हा प्रसंग मी परत परत बघितला आहे. पिस्तुलाचं काम गोळीने केलं नाही, भीतीने केलं. मग गोळी नसलेलं पिस्तूल अहिंसक झालं का? चित्रपट उत्तर देत नाही, पण प्रश्न खाली ठेवतही नाही. पुढच्याच वळणावर तो पाण्यातून परत येतो.

वरच्या अंगाच्या फ्रेडरिक कार्सनने ओढा अडवलाय आणि वर्थांचे पाट कोरडे पडलेत. पाटाचं पाणी अडवणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला सांगायला नको; भाऊ भावाशी बोलेनासा होतो, पिढ्या कोर्टात जातात. वर्थ कुटुंब मात्र दोष देत नाही, बळजबरी करत नाही. क्वर्ट जातो आणि कार्सनला नुसतं कळतं की समोर कोण उभा आहे. पाणी सुटतं. एक गोळी नाही, एक ठोसा नाही.

पण हे अहिंसेचं यश म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. ते क्वर्टच्या जुन्या हत्यांचं व्याज होतं, ज्याने आधी माणसं मारली त्याच्या नुसत्या नावाने झालेलं काम. खरी अहिंसा त्यानंतर सुरू होते. वर्थांचं घर त्या कार्सनला घरात घेतं, खाऊ घालतं, आपला मानतं. धाकाने सुटलेलं पाणी धाक संपताच परत अडवलं जातं. घरी येऊन जेवून गेलेल्या शेजाऱ्याला मात्र ते अडवणं जड जातं. क्वेकर मंडळी क्वर्टला भांडण मिटवल्याबद्दल बायबल भेट देतात आणि तो अवघडून जातो. आपण काय केलंय हे त्यालाच ठाऊक असतं.

मध्ये तो पळतो. जुन्या साथीदाराबरोबर लरेडोच्या टोळीने चोरलेली गुरं उलट चोरतो, दारूच्या गुत्त्यात जल्लोष करतो आणि त्यात मन लागत नाही म्हणून परत येतो. हा भाग नेहमीच्या वेस्टर्नचा आहे, त्यावर फार थांबायला नको.

मग पेनेलपीला घेऊन तो रानात फळं तोडायला जातो. परतताना लरेडोची टोळी पाठलाग करते आणि घोडागाडी कड्यावरून नदीत कोसळते. पेनेलपी तापाने मरणाच्या दारात. क्वर्ट पिस्तूल कमरेला लावतो, या वेळी भरलेलं, आणि गावात जाऊन रस्त्यावर उभा राहतो. इकडे तिचा ताप उतरतो, घरचे तिला गाडीत घालून गावात आणतात. ती हात पुढे करते. तो पिस्तूल तिच्या हातात देतो.

त्याच क्षणी लरेडो आणि त्याचा साथीदार गोळी झाडायच्या बेतात असतात, आणि कायदा सांभाळणारा म्हातारा मार्शल मॅक्लिन्टॉक दोघांना टिपतो.

आक्षेप पहिला: मग ही पळवाटच नाही का?

हो, आहे. हे आधी मोकळेपणाने मान्य करू. नायकाचे हात स्वच्छ ठेवायचे आणि गोळी दुसऱ्याकडून झाडून घ्यायची, ही पटकथेची सोय आहे. ‘शोले’चा प्रदर्शित झालेला शेवट आठवा, ठाकूर गब्बरला संपवणार इतक्यात पोलीस येऊन थांबवतात. तिथेही सूड आणि कायदा यांच्यामधली रेघ शेवटच्या मिनिटाला ओढली गेली.

पण ही पळवाट फक्त चित्रपटाची नाही. शांतिवाद्यांच्या खऱ्या इतिहासाला ती पहिल्यापासून सतावत आली आहे, आणि म्हणून हा शेवट मला खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो.

१६८१ मध्ये विल्यम पेन या क्वेकराला इंग्लंडच्या राजाकडून अमेरिकेत मोठा मुलूख मिळाला. राजा पेनच्या वडिलांचं देणं लागत होता, ते त्यातून फिटलं. तो मुलूख म्हणजे पेनसिल्व्हेनिया. पेनने तिथल्या मूळ रहिवासी लेनापी लोकांशी करार केले, जमिनीचे पैसे मोजले, सैन्य उभारलं नाही. जवळजवळ ७० वर्षं तिथे मोठं युद्ध झालं नाही. शेजारच्या वसाहतींमध्ये रक्त सांडत असताना हे घडलं, म्हणून हे यश खरं आहे.

मात्र ब्रिटिश साम्राज्याची युद्धं चालू होती आणि गव्हर्नर पैसे मागायचा. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग लिहून ठेवलाय. क्वेकर बहुमताच्या विधिमंडळाने दारूगोळ्याला पैसे द्यायला नकार दिला, पण पाव, पीठ, गहू ‘किंवा इतर दाणे’ घ्यायला रक्कम मंजूर केली. गव्हर्नरने ‘इतर दाणे’ म्हणजे बंदुकीच्या दारूचे दाणे असा अर्थ लावून खरेदी केली, आणि कुणी हरकत घेतली नाही. मार्शल मॅक्लिन्टॉकच्या बंदुकीत कुणाचे दाणे असतात, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुढे पेनच्याच मुलांनी घात केला. १७३७ मध्ये, दीड दिवसात माणूस जेवढं चालेल तेवढी जमीन, असा जुना करार पुढे करून त्यांनी वेगाने पळणारी माणसं उतरवली आणि लेनापींची प्रचंड जमीन गिळली. १७५५ नंतर सीमेवर हल्ले सुरू झाले, त्यामागे ही फसवणूकही होती. १७५६ मध्ये गव्हर्नरने युद्ध पुकारलं, तेव्हा विधिमंडळातल्या काही क्वेकरांनी राजीनामे दिले. सत्ता सोडली, व्रत ठेवलं, आणि काहींनी स्वतःच्या पैशाने समेटाच्या वाटाघाटी चालवल्या. ही बाजू चित्रपटात नाही. शस्त्र खाली ठेवण्याआधी अन्यायाचा हिशेब चुकता करावा लागतो, नाहीतर रिकाम्या हातांना किंमत येत नाही. हे पेनला कळलं होतं, त्याच्या मुलांना कळलं नाही.

आक्षेप दुसरा: प्रेमाने बंदूकवाला बदलतो, हे भाबडं नाही का?

वर्थांच्या भिंतीवर एक वचन लावलेलं आहे. प्रत्येक माणसाच्या आत अशी एक अखंडता असते, जिला इजा फक्त त्याच्या स्वतःच्या कृतीने होते, दुसऱ्याच्या कृतीने नाही, असा त्याचा आशय. क्वर्ट विचारतो, कुणी गुरांना डाग द्यायच्या सळीने डोक्यात घातलं तर? पेनेलपी शांतपणे सांगते, शरीराला लागेल, पण खरी इजा मारणाऱ्याला होईल. मग तो विचारतो, तुम्ही लोक बरेच आहात का? ती म्हणते, फार थोडे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. पेनेलपी त्याला बदलायला निघालेली नाही. शेवटच्या प्रसंगापर्यंत ती मागत काहीच नाही, पिस्तूलही नाही. जो माणूस कायम कुणीतरी आपल्यावर नेम धरलाय या भीतीत जगला, त्याला पहिल्यांदा असं घर मिळतं जिथे भिण्यासारखं कुणी नाही. शिकवणीने त्याच्यात फारसा फरक पडत नाही. विश्रांतीने पडतो.

आणि प्रत्यक्षात असं घडतं का? आपल्याच माणसाचं उदाहरण आहे. गागोद्यात जन्मलेले विनोबा १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात पायी फिरत होते. वीसच्या आसपास डाकूंनी येऊन त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. विनोबांकडे ना पोलीस होते ना माफीचा अधिकार. डाकूंवर पुढे खटलेही झाले. तरी त्यांनी बंदुका ठेवल्या. खोऱ्यातली डाकूगिरी त्या महिन्यात संपली नाही, हेही खरं. पण बंदूकवाला बंदूक ठेवतच नाही, असं यानंतर म्हणता येत नाही.

आक्षेप तिसरा: खरे क्वेकर असे गोड होते का?

नाही, इतके एकसारखे तर मुळीच नव्हते. सुरुवातीच्या पिढ्यांत अमेरिकेतले काही क्वेकर गुलाम बाळगत होते. विरोधाचा लेखी आवाज १६८८ मध्ये उठला, पण गुलाम ठेवणाऱ्याला पंथाबाहेर काढायचा निर्णय फिलाडेल्फियाच्या मंडळाने १७७६ मध्ये घेतला. एकोणिसाव्या शतकात क्वेकरांनी आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या, हेतू चांगला धरून; त्या शाळांनी मुलांची भाषा आणि घर हिरावून घेतलं. हातात शस्त्र नसूनही इजा करता येते, हा धडा त्यांनाच गिरवावा लागला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन क्वेकर घरात वाढले, नौदलात गेले आणि व्हिएतनामचं युद्ध त्यांच्या काळात वर्षानुवर्षं चाललं. क्वेकरांमध्ये शेवटचा निर्णय ज्याच्या त्याच्या आतल्या प्रकाशावर सोडलेला असतो, आणि प्रत्येकाला तो एकच वाट दाखवतो असं नाही.

हॉलिवूडलाही ही वाट सरळ वाटली नाही. पाचच वर्षांनी, १९५२ मध्ये, ‘हाय नून’ आला. त्यातली ग्रेस केलीने रंगवलेली क्वेकर पत्नी नवऱ्याचा जीव वाचवायला स्वतः गोळी झाडते. दोन चित्रपट लागोपाठ बघा. एकीने बंदूक घेतली ती बाजूला ठेवायला, दुसरीने चालवायला. मला दुसरीचा राग येत नाही. तिचे वडील आणि भाऊ गोळीने गेले होते आणि त्यानंतर ती क्वेकर झाली होती, तिला आपण काय मोडतोय याची किंमत माहीत होती.

त्याच वर्षी, ऑस्लोमध्ये

चित्रपट १९४७ च्या सुरुवातीला लागला. त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल पारितोषिक क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं, एक लंडनची, एक अमेरिकेची. अमेरिकेतली संस्था १९१७ मध्ये निघाली होती, सैन्यात जायला नकार देणाऱ्या तरुणांना दुसरं काम मिळावं म्हणून. पहिलं महायुद्ध संपल्यावर तिने हरलेल्या जर्मनीतल्या लाखो मुलांना जेवण पुरवलं. कालच्या शत्रूच्या मुलांना. कार्सनला घरात घेऊन खाऊ घालणं ते हेच. पारितोषिक घ्यायला गेलेल्या हेन्री कॅडबरी यांच्याकडे समारंभाचा कोट नव्हता; मदत म्हणून बुडापेस्टच्या वाद्यवृंदाला पाठवायला गोळा केलेल्या कपड्यांमधला एक कोट त्यांनी उसना घातला.

त्याच १९४७ च्या पारितोषिकासाठी भारतातून तारेने गांधीजींचं नाव गेलं होतं. सुचवणाऱ्यांपैकी एक होते मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री, रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर खेर. समितीतल्या पाचपैकी दोघे गांधीजींच्या बाजूचे होते. बाकीच्यांना फाळणीच्या धुमाकुळात शंका आली, आणि तिला आणखी बळ मिळालं ते सप्टेंबरमध्ये आलेल्या एका बातमीने. पाकिस्तानकडून दुसऱ्या कुठल्याच मार्गाने न्याय मिळाला नाही तर सरकारला युद्ध करावं लागेल, असं गांधीजी प्रार्थनासभेत म्हणाले होते. सैन्य हवं असलेल्या या नव्या व्यवस्थेत मला जागा नाही, असंही त्यांनी तिथेच सांगितलं होतं. मग हा माणूस पूर्ण शांतिवादी म्हणायचा का, असा प्रश्न समितीपुढे होता. दुसऱ्याच्या कमरेला पिस्तूल असताना आपण किती निःशस्त्र, हाच चित्रपटाचाही प्रश्न.

पारितोषिक क्वेकरांना मिळालं, पण क्वेकरांच्या मनात ही शंका नव्हती. त्यांच्यातली कितीतरी माणसं गांधीजींना जवळून ओळखत होती. होरेस अलेक्झांडर ऑगस्ट १९४७ मध्ये कोलकात्यात, दंगलीच्या ऐन मध्यात, गांधीजींच्या सोबत राहिले होते. मार्जरी साइक्स पुढे वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या कामात रमल्या.

१९४८ च्या पारितोषिकासाठी गांधीजींचं नाव सुचवणारी सहा पत्रं ऑस्लोला पोचली, त्यांत एक क्वेकरांचं होतं. नावं पाठवायची मुदत संपायला दोन दिवस उरले होते, तेव्हा ३० जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीत, प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर एका माणसाने पिस्तूल झाडलं. त्या वर्षी समितीने पारितोषिक कुणालाच दिलं नाही. योग्य असा जिवंत उमेदवार नाही, असं कारण तिने नोंदवलं.